चार लाख फाईलींतून हव्या तेवढ्याच: कमांड लाइनवरील फिल्टर कसे चालतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जुन्या मराठी मासिकाचे अंक स्कॅन करून ॲमेझॉनच्या एस३ या ऑनलाइन साठवणीतील एका बकेटमध्ये (नाव दिलेल्या कप्प्यात) ठेवलेले आहेत. फाईलींची संख्या सुमारे चार लाख आहे. प्रत्येक पानाची मोठी टिफ प्रत, तिचीच लहान जेपेग, ओसीआरमधून (चित्रातील मजकूर ओळखणाऱ्या प्रक्रियेतून) निघालेली एक्सएमएल आणि प्रत्येक अंकाची एक पीडीएफ, अशी सगळी सामग्री वर्षांच्या फोल्डरांत विभागलेली आहे. प्रश्नकर्त्यांना १९५० ते १९५९ या वर्षांच्या फक्त पीडीएफ स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत. त्यांनी ‘एडब्ल्यूएस’ या ॲमेझॉनच्या कमांड लाइन साधनात केवळ ‘इन्क्लूड’ दिले तेव्हा टिफसकट सगळेच उतरू लागले. मग शेवटी ‘एक्स्क्लूड’ जोडले तर एकही फाईल आली नाही. शिवाय ‘वऱ्हाड’ या नावाचा विशेषांकांचा एक फोल्डर ब्राउझरमध्ये डोळ्यांसमोर दिसतो, पण त्याचेच नाव फिल्टरमध्ये दिले तर काहीच सापडत नाही.

या तिन्ही गोष्टींची कारणे निश्चित सांगता येतात. खालील कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहाव्यात. पहिला प्रयत्न असा होता (सीपी म्हणजे नक्कल करा, --रिकर्सिव्ह म्हणजे आतल्या सर्व फोल्डरांसकट):

एडब्ल्यूएस एस३ सीपी एस३://जुने-अंक/मासिक/ ./प्रती/ --रिकर्सिव्ह --इन्क्लूड "*.पीडीएफ"

ही कमांड वाचणाऱ्या माणसाला ‘पीडीएफ तेवढ्या घे’ असा अर्थ लागतो, पण प्रोग्रामला तो लागत नाही. एस३च्या कमांडमध्ये प्रत्येक फाईल सुरुवातीला ‘घ्यायची’ याच वर्गात असते. इन्क्लूड म्हणजे ‘एवढेच घे’ नव्हे, तर ‘आधी वगळले असल्यास हे पुन्हा आत घे’. आधी काहीच वगळलेले नसेल, तर इन्क्लूड लिहिणे आणि न लिहिणे सारखेच. म्हणून टिफ आल्या. दुसऱ्या प्रयत्नात इन्क्लूड आधी आणि सर्व काही वगळणारे एक्स्क्लूड नंतर होते. फिल्टर डावीकडून उजवीकडे लावले जातात आणि एखाद्या फाईलला जे फिल्टर सर्वांत शेवटी लागू पडते त्याचाच निर्णय ग्राह्य धरला जातो. सर्व फाईलींना लागू पडणारे एक्स्क्लूड शेवटी आल्यामुळे पीडीएफसुद्धा बाहेर गेल्या. योग्य क्रम उलटा आहे, म्हणजे आधी सगळ्यांना बाहेर काढायचे आणि मग हव्या त्यांना नाव घेऊन आत बोलवायचे:

एडब्ल्यूएस एस३ सीपी एस३://जुने-अंक/मासिक/ ./प्रती/ --रिकर्सिव्ह --एक्स्क्लूड "*" --इन्क्लूड "१९५?/*.पीडीएफ"

याच क्रमाने पुढे आणखी एक पायरी जोडता येते. समजा १९५६ मधील पुरवण्या नको आहेत, तर वरील इन्क्लूडनंतर --एक्स्क्लूड "१९५६/पुरवणी/*" असे लिहावे. ‘सर्व बाहेर, हे आत, त्यातले हे पुन्हा बाहेर’ अशी उतरंड मनात ठेवून फिल्टर लिहिले की चुका फारच कमी होतात.

आता नमुन्यातील चिन्हांकडे वळू. स्टार म्हणजे कितीही अक्षरे, प्रश्नचिन्ह म्हणजे नेमके एक अक्षर आणि चौकटी कंस म्हणजे त्यातील कोणतेही एक अक्षर. येथे लिनक्सच्या शेलवर (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामवर) हात बसलेल्या माणसाची हमखास फसगत होते, कारण शेलमध्ये स्टार तिरक्या रेघेपाशी थांबतो, तर एस३च्या फिल्टरमध्ये तो थांबत नाही. एस३मध्ये खरे फोल्डर नसतातच. फाईलचे संपूर्ण नाव हे एकच लांबलचक अक्षरसूत्र असते आणि तिरकी रेघ हे त्यातील इतरांसारखेच एक अक्षर. त्यामुळे "१९५?/*.पीडीएफ" हा नमुना वर्षाच्या फोल्डरमधील पीडीएफ जशा पकडतो, तशाच त्याखालील महिन्यांच्या फोल्डरांतल्याही पकडतो. हे आपल्या सोयीचे आहे. गैरसोय अशी की "*१९५२*" असा ढिला नमुना दिला, तर १९७१ च्या फोल्डरमधील पान क्रमांक १९५२ सुद्धा त्यात सापडते.

नमुना कोठून मोजला जातो, हेही पाहावे. तो स्रोत म्हणून दिलेल्या पत्त्यापासून पुढे मोजला जातो. आपण स्रोतात ‘मासिक/’ दिले आहे, म्हणून फिल्टरमध्ये पुन्हा "मासिक/१९५?/..." लिहिले तर प्रोग्राम मासिकाच्या आत आणखी एक मासिक शोधू लागेल आणि कोणतीही तक्रार न करता रिकाम्या हाताने परतेल. फिल्टर चुकले की कमांड सहसा त्रुटी दाखवत नाही. ती मुकाट्याने कमी किंवा जास्त फाईली उचलते. म्हणूनच या कामात लाल अक्षरांतील त्रुटींपेक्षा शांतपणे संपलेल्या कमांडची मला अधिक धास्ती वाटते.

नमुना नेहमी अवतरणचिन्हांत ठेवावा. तो उघडा ठेवला, तर स्टारचा अर्थ एस३पर्यंत पोहोचण्यापूर्वीच शेल लावून टाकते आणि चालू फोल्डरमध्ये योगायोगाने असलेल्या फाईलींची नावे त्या जागी घालते. विंडोजच्या साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये एकेरी अवतरणचिन्हांना हा मान नाही, तेथे दुहेरीच वापरावीत. स्टार थेट पत्त्यात लिहिणे, म्हणजे एस३://जुने-अंक/मासिक/*.पीडीएफ असे देणे, या साधनात चालत नाही. स्टार हा नावाचाच भाग समजला जातो आणि अशी वस्तू (एस३मधील फाईल) सापडली नाही, असा ४०४ क्रमांकाचा निरोप येतो. एस३मध्ये लहान आणि मोठी रोमन अक्षरे वेगळी असतात, हेही विसरू नये. स्कॅनिंगचे काम दोन वेगवेगळ्या यंत्रांवर झाले असेल, तर काही फाईलींचे शेपूट मोठ्या अक्षरांत आणि काहींचे लहान अक्षरांत असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी दोन इन्क्लूड द्यावेत.

एवढे झाल्यावरही ती कमांड लगेच चालवू नये. माझी वर्षानुवर्षांची सवय अशी की फाईली निवडणे आणि फाईली उतरवणे ही दोन कामे मी कधीच एका श्वासात करत नाही. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या सर्व्हरवर घाईघाईत फिल्टरांचा क्रम उलटा लिहून मी घरी गेलो होतो. सकाळी पाहतो तो डिस्क काठोकाठ भरलेली आणि तिच्यावर चालणारा डेटाबेस बंद पडलेला. त्या दिवसापासून वरील कमांडच्या शेवटी आधी --ड्रायरन लावल्याशिवाय मी पुढे जात नाही. (एस३च्या कमांडमध्ये हा शब्द सलग लिहितात, पुढे येणाऱ्या आरक्लोन या दुसऱ्या साधनात मात्र मध्ये आडवी रेघ असते. किती वेळा अडखळलो असेन, याची गणती नाही.) ड्रायरन काहीही उतरवत नाही, फक्त काय उतरवले असते त्याची एकेक ओळ छापतो. ती यादी एका फाईलमध्ये साठवावी, ओळी मोजाव्यात आणि संख्येचा अंदाजाशी मेळ घालावा. दहा वर्षांचे मासिक, वर्षाला १२ अंक, म्हणजे सुमारे १२० पीडीएफ आणि वर थोडे विशेषांक. यादीत ११ ओळी किंवा ११,००० ओळी निघाल्या, तर फिल्टर चुकले आहे, हे काहीही न बिघडवता कळते. ड्रायरन यशस्वी झाला म्हणजे फाईली वाचण्याची परवानगीही आहे, असे मात्र गृहीत धरू नये. यादी पाहण्याची आणि वस्तू वाचण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ड्रायरन केवळ पहिलीच वापरतो. म्हणून यादीतील एखादी फाईल प्रत्यक्ष उतरवून पाहावी.

फिल्टर नेमके कोठे चालते, हेही जाणून घेणे हिताचे आहे. अनेकांची समजूत असते की आपण नमुना पाठवतो आणि एस३ तेवढ्याच फाईली शोधून देते. तसे होत नाही. तुमच्या संगणकावरील प्रोग्राम दिलेल्या प्रिफिक्सखालील (नावाच्या सुरुवातीच्या ठरावीक भागाखालील) सर्व नावांची यादी मागवतो, एका वेळी जास्तीत जास्त १,००० नावे येतात, आणि नमुन्याशी ताडून पाहण्याचे काम तुमच्याच संगणकावर होते. चार लाख फाईलींसाठी यादीच्याच ४०० फेऱ्या होतात, मग हव्या असलेल्या फाईली १२० असोत की एक. चार लाखांना हे सहज परवडते. मात्र कोट्यवधी वस्तूंच्या बकेटमध्ये मुळाशी उभे राहून फिल्टर लावणारा माणूस तासन् तास नुसत्या लुकलुकणाऱ्या कर्सरकडे पाहत बसतो. उपाय असा की जे नावाच्या सुरुवातीनेच वेगळे करता येते ते स्रोताच्या पत्त्यात लिहावे आणि उरलेलेच फिल्टरवर सोपवावे. प्रश्नातील कामात दहा वर्षांसाठी दहा वेळा, प्रत्येक वेळी ‘मासिक/१९५०/’, ‘मासिक/१९५१/’ असा नेमका स्रोत देऊन कमांड चालवली, तर बाकीच्या वर्षांची यादी मागवलीच जात नाही.

उतरवण्याचा आकार मोठा असेल, तर ‘सीपी’ऐवजी ‘सिंक’ घ्यावे. फिल्टरांचे नियम तेच राहतात आणि --रिकर्सिव्ह लिहावे लागत नाही. इंटरनेट मध्येच तुटले, तर सीपी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. सिंक आकार आणि वेळ पाहून आधी आलेल्या फाईली सोडून देते. सिंकला --डिलीट जोडण्याचा मोह मात्र टाळावा. आपले काम निवडक प्रती आणण्याचे आहे, दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या करण्याचे नाही.

तारखेनुसार निवड करायची असेल, तर इन्क्लूड आणि एक्स्क्लूड यांचा काहीच उपयोग नाही, कारण ती केवळ नावाकडे पाहतात. तेथे ‘एस३एपीआय’ची ‘लिस्ट-ऑब्जेक्ट्स-व्ही२’ ही कमांड घेऊन तिच्या --क्वेरी या पर्यायात शेवटच्या बदलाच्या तारखेची अट लिहावी आणि निकाल मजकुराच्या स्वरूपात फाईलमध्ये ठेवावा. क्वेरीत शेवटी नुसते ‘की’ (म्हणजे फाईलचे नाव; यातील पहिले रोमन अक्षर मात्र मोठे) न लिहिता चौकटी कंसात [की] लिहिले, तर प्रत्येक नाव स्वतंत्र ओळीवर येते. एरवी ती टॅबने एकमेकांना चिकटून येतात आणि पुढचे काम किचकट होते. एक इशारा देतो. एस३ दाखवते ती तारीख ती वस्तू बकेटमध्ये लिहिली गेल्याची असते. अंक १९५२ चा, स्कॅन २०१६ मधील आणि बकेट बदलताना नव्याने नक्कल केली २०२३ मध्ये, तर एस३च्या लेखी ती फाईल २०२३ चीच.

हाती अशी यादी आली, की त्या यादीप्रमाणेच फाईली आणण्यासाठी मी आरक्लोन वापरतो. प्रत्येक नावासाठी एडब्ल्यूएसची कमांड स्वतंत्रपणे चालवता येते, पण दर वेळी प्रोग्राम नव्याने सुरू होण्यातच बराच वेळ जातो. आरक्लोनला --फाइल्स-फ्रॉम या पर्यायातून यादी दिली की काम भागते. यादीतील एखादे नाव प्रत्यक्षात नसेल, तर तो सहसा त्रुटी दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती यादीसुद्धा एक फिल्टरच असते. त्यामुळे शेवटी मोजदाद करणे भागच आहे.

आरक्लोनचे फिल्टर वापरणार असाल, तर आतापर्यंत सांगितलेले दोन नियम तेथे उलटे होतात, हे पक्के लक्षात ठेवावे. एस३च्या कमांडमध्ये शेवटी जुळलेला नियम चालतो; आरक्लोनमध्ये पहिला जुळलेला नियम चालतो आणि पुढचे पाहिलेच जात नाहीत. एस३मध्ये स्टार तिरकी रेघ ओलांडतो. आरक्लोनमध्ये एक स्टार एकाच पातळीवर राहतो आणि पातळ्या ओलांडायला दोन स्टार लागतात. शिवाय आरक्लोनमध्ये केवळ इन्क्लूड दिले, तर बाकी सर्व आपोआप वगळले जाते, म्हणजे प्रश्नकर्त्यांनी पहिल्या प्रयत्नात जे गृहीत धरले होते तेच. इन्क्लूड आणि एक्स्क्लूड दोन्ही वापरायची वेळ आली, तर त्यांची सरमिसळ न करता --फिल्टर हा एकच पर्याय घ्यावा आणि अधिक व उणे चिन्हांनी नियम लिहावेत:

आरक्लोन कॉपी साठवण:जुने-अंक/मासिक ./प्रती --फिल्टर "- /१९५६/पुरवणी/**" --फिल्टर "+ /१९५?/**.पीडीएफ" --फिल्टर "- *" --ड्राय-रन

नमुन्याच्या सुरुवातीची तिरकी रेघ त्याला मुळाशी बांधते. पुरवणीचा नियम येथे सर्वांत वर आला आहे, कारण पहिल्यालाच मान आहे. एका साधनासाठी लिहिलेला फिल्टर दुसऱ्यात जसाच्या तसा चिकटवणे हे या क्षेत्रातील बहुतेक गोंधळांचे मूळ आहे. गूगलच्या ‘जीक्लाउड स्टोरेज’मध्ये स्टार पत्त्यातच लिहिता येतो आणि तेथेही दोन स्टारच पातळ्या ओलांडतात, पण त्याच्याच ‘आरसिंक’मधील एक्स्क्लूडला स्टारचे नमुने नव्हे तर रेग्युलर एक्स्प्रेशन (नमुने लिहिण्याची वेगळी, अधिक काटेकोर पद्धत) लागते. अझूरच्या ‘एझीकॉपी’मध्ये इन्क्लूड-पॅटर्न अर्धविरामांनी तोडून देतात आणि तो फक्त फाईलच्या नावाशी ताडला जातो, मार्गाशी नाही.

आता ‘वऱ्हाड’. हा प्रश्न मराठी नावांत विशेषकरून येतो आणि परभाषेतील मार्गदर्शिकांत त्याचे उत्तर सहसा मिळत नाही, म्हणून तो जरा सविस्तर घेतो. या शब्दातील ऱ्ह पडद्यावर एकसारखा दिसतो, पण तो किमान तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. पहिला प्रकार म्हणजे युनिकोडमधील (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणातील) स्वतंत्र ऱ आणि त्याला हलंत. दुसऱ्यात साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलंत येतो. मॅक संगणकांची जुनी एचएफएस प्लस ही फाईलव्यवस्था नावे साठवताना ऱ अक्षराची नेमकी हीच फोड करत असे. तिसऱ्यात साधा र, हलंत आणि पाठोपाठ झिरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह असते. जुन्या टंकलेखन पद्धतींनी लिहिलेल्या मजकुरात ते पुष्कळ आढळते. पहिल्या प्रकारात ‘वऱ्हाड’ या शब्दाचे ६ संकेतांक (युनिकोडमधील चिन्हांचे क्रमांक) आणि यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट होतात. उरलेल्या दोन्ही प्रकारांत ७ संकेतांक आणि २१ बाइट. एस३ नावांचे कोणतेही प्रमाणीकरण करत नाही, आली तशी ठेवते. स्कॅनिंगच्या वेळी फोल्डरला ज्या यंत्रावर नाव दिले आणि आज तुम्ही ज्या कळफलकावर नमुना टाइप करता, त्यांचे प्रकार वेगळे असतील, तर डोळ्यांना तोच शब्द दिसूनही प्रोग्रामच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे होतात. ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘सातारच्या किल्ल्यांवरील पायऱ्या’ अशा कोणत्याही नावात हेच घडू शकते.

खात्री करण्यासाठी यादीतील ती ओळ ‘एक्सएक्सडी’सारख्या बाइट दाखवणाऱ्या साधनातून पाहावी. सोपा तोडगा असा की संशयास्पद जोडाक्षर नमुन्यातून गाळून त्या जागी स्टार ठेवावा: --इन्क्लूड "व*हाड/*.पीडीएफ". हा नमुना तिन्ही प्रकार पकडतो. प्रश्नचिन्ह येथे उपयोगी नाही, कारण ते एका संकेतांकाला जुळते आणि आपण ज्याला एक अक्षर म्हणतो त्यात दोन, तीन किंवा चार संकेतांक असू शकतात. ‘की’ या साध्या अक्षरालाही दोन प्रश्नचिन्हे लागतील. स्टार ढिला असल्यामुळे नको असलेले एखादे नाव आत शिरू शकते, तेव्हा पुन्हा ड्रायरनची यादी वाचावी. हा फोल्डर वर्षांच्या फोल्डरांत नसून थेट ‘मासिक/’खाली असल्यास त्याचे इन्क्लूड वर्षांच्या इन्क्लूडशेजारी स्वतंत्रपणे द्यावे लागेल.

उतरवून झाल्यावर जुन्या वर्षांतील काही पीडीएफ आल्याच नाहीत, असे आढळल्यास फिल्टरला दोष देण्यापूर्वी त्यांचा साठवणवर्ग पाहावा. खर्च वाचवण्यासाठी अनेक संस्था जुन्या वस्तू आपोआप ग्लेशियर या स्वस्त साठवणवर्गात हलवण्याचा नियम लावून ठेवतात. ग्लेशियर फ्लेक्सिबल रिट्रीव्हल किंवा डीप आर्काइव्हमधील वस्तू आधी पुनर्स्थापित करून घ्यावी लागते. नेहमीच्या मार्गाने पहिल्याला ३ ते ५ तास आणि दुसऱ्याला १२ तासांपर्यंत लागतात. इन्स्टंट रिट्रीव्हलला मात्र ही अट नाही. अशा वस्तू समोर आल्या की कमांड इशारा देऊन त्या वगळते आणि पुढे जाते. कमांड संपताच तिचा परतीचा क्रमांक पाहण्याची सवय ठेवावी: ० म्हणजे ठीक, १ म्हणजे काही फाईलींची नक्कल फसली, २ म्हणजे काही वगळल्या गेल्या.

शेवटची मोजदाद ड्रायरनच्या यादीवरूनच करावी. ‘एस३ एलएस’ला --रिकर्सिव्ह आणि --समराइझ लावून एकूण संख्या मिळते खरी, पण त्या कमांडला इन्क्लूड किंवा एक्स्क्लूड चालत नाही, त्यामुळे तो आकडा चार लाखांचाच येईल. जपून ठेवलेल्या यादीतील ओळी आणि ‘प्रती’ फोल्डरमधील पीडीएफ यांची संख्या जुळली पाहिजे. विंडोज किंवा मॅकवर दोन-चार फाईली कमी भरल्या, तर यादी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद सोडून क्रमाने लावून पाहावी. केवळ अक्षरांच्या आकारात फरक असलेली दोन नावे एस३मध्ये वेगळी असतात, पण या संगणकांवर सहसा एकच मानली जातात आणि दुसरी फाईल पहिलीवर लिहिली जाते. अशा जोड्या सापडल्या तर त्या दोन वेगळ्या फोल्डरांत, दोन वेगळ्या कमांडनी उतरवाव्यात.